कृष्णेच्या वाळूवरचा उन्हाळा

आमच्या भागात पक्षी बघायचा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारी, असं सगळेच धरून चालतात. खटाव तालुक्यातल्या मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर रोहित उतरले की वर्तमानपत्रांत फोटो झळकतात, पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात, शाळांच्या सहली निघतात. चक्रवाक, थापट्या, पट्टकदंब असे थंड मुलखातले पाहुणे पाण्यावर असतात. ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचे थवे घिरट्या घालतात. मार्च सरला की ही मंडळी परतीच्या वाटेला लागतात आणि लोकांच्या दुर्बिणी कपाटात जातात. मे महिन्यात सातारा-सांगलीत पक्षी बघायला निघालो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "या उन्हात काय दिसणार?"

हिवाळ्यात पाहुणे दिसतात, उन्हाळ्यात घरचे दिसतात. जे पक्षी बारा महिने आपल्या नदीवर, माळावर आणि डोंगरात राहतात, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम याच दिवसांत चालू असतं. घरटं बांधायचं, अंडी राखायची, पिल्लं मोठी करायची. म्हणून दरवर्षी मे महिन्यातला एक आठवडा मी महाबळेश्वरपासून कृष्णेच्या काठाकाठानं सांगलीकडे उतरतो आणि मग पूर्वेच्या माळांवर जातो.

माझी नोकरी एसटीत वाहकाची. मुक्कामी गाडी घेऊन रात्री खेड्यात पोचायचं आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन निघायचं, असं आयुष्य गेलं. गाडी सुटायच्या आधीचा तास-दीड तास माझा असायचा. पाटण, शिराळा, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतली कितीतरी गावं मी त्या पहाटेच्या वेळात पायी बघितली. पक्ष्यांची नावं तिथेच शिकलो. काही गुराख्यांकडून कळली, काही मारुती चितमपल्लींच्या पक्षिकोशातून. आता निवृत्त झाल्यावर घाई नाही, पण वाटा त्याच आहेत.

युरोपातले पक्षिनिरीक्षक उन्हाळ्याच्या तोंडावर भूमध्य समुद्रातल्या बेटांवर जातात. ग्रीसचं लेस्बॉस बेट एप्रिल-मे महिन्यांत त्यासाठी प्रसिद्ध आहे, कारण आफ्रिकेतून उत्तरेला निघालेले पक्षी तिथे विसाव्याला उतरतात. त्याच समुद्रातल्या खडकाळ बेटांवर एलिओनोराचा ससाणा नावाचा शिकारी पक्षी घरटी करतो. बाकीचे पक्षी वसंतात अंडी घालतात, हा मात्र जुलैच्या अखेरपर्यंत थांबतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये युरोपातले छोटे पक्षी दक्षिणेला निघतात आणि समुद्र ओलांडताना या बेटांवरून जातात. ससाण्याची पिल्लं नेमकी तेव्हा भुकेली असतात. पिल्लं वाढवून झाली की हा पक्षी हिवाळ्यासाठी मादागास्करला जातो. भर उन्हाळ्यातलं त्याचं हे वेळापत्रक समजलं तेव्हा मला आपल्या कृष्णाकाठचे पक्षी जास्त नीट समजायला लागले. प्रत्येक पक्षी आपला विणीचा काळ कशाशी तरी जुळवून घेतो. आपल्याकडे कुणी तो नदीच्या आटलेल्या पाण्याशी जुळवतो, कुणी जंगलातल्या पिकलेल्या फळांशी, तर कुणी येणाऱ्या पावसाशी.

डोंगरमाथ्यावर

कृष्णा उगम पावते ते क्षेत्र महाबळेश्वर मे महिन्यात गजबजलेलं असतं. बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते आणि पॉइंटांच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागलेली असते. पण पहाटे सहाच्या आत एखाद्या आडवाटेनं रानात शिरलं तर तिथे दुसरंच जग असतं. अंजन, जांभूळ आणि हिरड्याची ती बुटकी, दाट झाडं, खोडांवर वाळून काळं पडलेलं शेवाळ, आणि ओढ्याच्या बाजूनं येणारी शीळ. माणूसच रमतगमत शीळ घालत चाललाय असं वाटावं, इतकी ती माणसासारखी असते. हा शीळकरी कस्तूर. निळा-काळा, खांद्यावर आणि कपाळावर चमकदार निळाई असलेला. पाऊस जवळ येऊ लागला की त्याचा आवाज वाढत जातो. धबधब्यालगतच्या कपारीत तो घरटं करतो आणि त्याची खरी वीण पावसाळ्यात असते. मे महिन्यात त्याची तयारी ऐकू येते.

याच रानात स्वर्गीय नर्तकाचं घरटं बघायला मिळतं. नराची शेपटी त्याच्या अंगापेक्षा लांब असते, दोन पांढऱ्या फितींसारखी. काही नर तांबूस रंगाचे असतात. घरटं मात्र अगदी लहान, चहाच्या कपाएवढं. बारीक फांदीच्या बेचक्यात गवत आणि मुळ्या विणून ते केलेलं असतं आणि बाहेरून कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेलं असतं. एकदा एका ओढ्याकाठी मी बराच वेळ असं घरटं दुरून बघत होतो. मादी उठून गेली आणि पांढरा नर येऊन बसला. त्या एवढ्याशा वाटीत त्याचं अंग जेमतेम मावत होतं आणि शेपटी खाली हातभर लोंबत होती, वाऱ्यानं हलत होती. नर आणि मादी आळीपाळीनं अंडी उबवतात. एवढी उठून दिसणारी शेपटी घेऊन घरट्यावर बसायचं म्हणजे धोकाच. पण शेजारच्याच झाडावर कोतवालाच्या जोडीचं घरटं होतं. कोतवाल आपल्या झाडाच्या आसपास कावळ्याला किंवा शिक्र्याला फिरकू देत नाही. स्वर्गीय नर्तक कित्येकदा त्याच्या शेजारी घर करतो आणि त्याच्या पहाऱ्याचा फायदा घेतो.

महाबळेश्वरहून पश्चिमेकडचे कडे बघत मी दक्षिणेला वळतो. सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाणा घरटं करतो. एलिओनोराच्या ससाण्याचा हा आपल्याकडचा भाऊबंद. त्याची वीण उन्हाळ्याच्या आतच उरकत आलेली असते. मेमध्ये उडायला लागलेली पिल्लं दरीवर आरडाओरडा करत आईबापांच्या मागे लागलेली दिसतात.

कोयनेच्या रानात धनेश

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या काही जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात महाराष्ट्रातल्या चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. वाघाच्या नावानं हे रान ओळखलं जातं ते चांगलंच आहे. पण त्या रानाची लावणी करणारा जो पक्षी आहे, त्याचंही नाव लोकांना माहीत असायला हवं. तो म्हणजे धनेश.

राखी धनेश आमच्या भागात अभयारण्याच्या हद्दीबाहेरही आहे. जुनी झाडं राखलेली देवराई किंवा नदीकाठचे जुने वड जिथे आहेत तिथे तो दिसतो. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड बुजवून घेते. विष्ठा आणि फळांचा चोथा यांचं ते लिंपण वाळून टणक होतं. उरते फक्त एक उभी फट, चोच बाहेर काढण्याइतकी. आत असताना तिची उडायची पिसं गळून नवी येतात, म्हणजे त्या काळात तिला बाहेर पडून उडताही येत नाही. तिचं आणि पिल्लांचं पोट पूर्ण नरावर अवलंबून असतं. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची फळं तो गळ्यात भरून आणतो, ढोलीशी लटकतो आणि एकेक फळ वर काढून फटीतून आत देतो. एक फळ, मग थांबणं, मग दुसरं. घाई नसते. अशा ढोलीपासून शंभर पावलांवर झाडाआड बसून ही पंगत बघणं, याच्यासारखा आनंद मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

याच फळांच्या बिया तो रानभर टाकत जातो. ढोलीच्या खाली बघितलं तर बियांचा सडा पडलेला असतो आणि त्यातल्या काही रुजलेल्या असतात. नर मेला तर आतलं कुटुंब उपाशी पडतं. जुनं पोकळ झाड तोडलं तर पुढच्या वर्षी जोडीला घर मिळत नाही. सरपणाला 'नुसतं पोकळ झालेलं' झाड पाडताना गावानं एवढा विचार करावा.

बह्याचं बेट

कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि तिथून नदीचं पात्र रुंदावतं. वाळवा तालुक्यातल्या बहे गावाजवळ कृष्णेच्या मधोमध एक खडकाळ बेट आहे, रामलिंग बेट. तिथे रामलिंगाचं देऊळ आहे आणि समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. राम पूजेला बसले असताना नदीला पूर आला आणि मारुतीनं दोन्ही हात पसरून पाणी अडवलं, म्हणून कृष्णा दोन प्रवाहांत वाहू लागली, अशी तिथली आख्यायिका. पावसाळ्यात या बेटाला पुराचा वेढा असतो. मेमध्ये नदी ओसरते, काळे खडक उघडे पडतात, आणि बेटाच्या वर-खाली पात्रात खडीचे आणि वाळूचे छोटे-छोटे उंचवटे वर येतात. माणसाला ती रिकामी जागा दिसते. पक्ष्यांच्या दृष्टीनं ती वर्षातून चारच महिने मिळणारी जमीन आहे: चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे कोल्हा-कुत्र्याला येणं अवघड, आणि भोवती खायला मासे-किडे.

या जमिनीवर नदी सुरय अंडी घालतो. करड्या पाठीचा, काळ्या टोपीचा, पिवळ्याधमक चोचीचा हा देखणा पक्षी पाण्यावरून तरंगत जातो आणि मासा दिसला की सूर मारतो. एके काळी हिंदुस्थानातल्या नद्यांवर तो सर्रास होता. आता जगाच्या यादीत त्याची गणना धोक्यातल्या पक्ष्यांत होते. त्याच वाळूवर छोटा आर्ली नावाचा वाळूच्याच रंगाचा पक्षी असतो. बसलेला असला तर दिसत नाही. संध्याकाळी पाण्यावर किडे टिपत उडायला लागला की भिंगरीसारखा वाटतो. खडकांच्या सावलीत मोठ्या डोळ्यांचा, जाड गुडघ्यांचा मोठा करवानक दिवसभर निश्चल उभा असतो. आणि टिटवी तर असतेच.

यांच्यापैकी कुणीच घरटं बांधत नाही. वाळूत किंवा खडीत अंगानं केलेला एक खळगा, एवढंच. अंड्यांचा रंग खड्यांसारखा, त्यावर तपकिरी-काळे ठिपके. दोन पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत, आणि तिसरं पाऊल त्यांच्यावर पडू शकतं.

दुपारी एक-दीडच्या सुमाराला बेटाच्या देवळाच्या सावलीत बसून मी समोरच्या खडीवरची टिटवी बघत होतो. पायाखालचा दगड चटका देत होता. अंड्यातला जीव वाढायला साधारण ३७-३८ अंशांची ऊब लागते. मे महिन्याच्या दुपारी उघड्या खडीचं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. अंडी 'उबवणं' म्हणजे या दिवसांत अंडी थंड ठेवणं. टिटवी अंड्यांवर अंग टेकून बसलेली नव्हती. पाय अर्धे वाकवून, पंख थोडे पसरून ती अंड्यांवर सावली धरून उभी होती, चोच उघडून धापा टाकत. थोड्या वेळानं जोडीदार आला. ही खाली उतरून पाण्यात गेली, पोटापर्यंत बुडाली, पोटाची पिसं फुगवून चांगली भिजवून घेतली आणि तशीच पाणी गाळत परत आली. मग अंड्यांवर बसली. ओल्या पोटाचा गारवा अंड्यांना मिळाला. उन्हं कलेपर्यंत दोघांचा हाच क्रम चालू होता. सुरयही असंच करतात. साधारण चार आठवडे हे रोज करायचं, तेव्हा टिटवीचं पिल्लू अंड्याबाहेर येतं. ते आल्याआल्या चालायला लागतं आणि आईनं इशारा दिला की खडीत दबून बसतं.

तिथेच जाळं टाकायला आलेल्या एका भोयानं मला हाक मारली होती, "मास्तर, त्या अंगाला उतरू नगासा. पलीकडच्या खडीत पिल्ली हायती." त्या माणसानं त्या उन्हाळ्यात आपली होडी लावायची जागाच बदलली होती. त्यानं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. नदीवर राहणाऱ्याला नदीवर राहणारे दुसरे माहीत असतात.

पाणी सोडणं आणि वाळू उचलणं

पूर्वी कृष्णा फेब्रुवारीपासून जूनपर्यंत हळूहळू उतरत जायची. पक्ष्यांनी आपला काळ त्याच्याशी जुळवला. आता कोयना आणि धोम यांसारख्या धरणांतून उन्हाळ्यात पिण्यासाठी आणि शेतीसाठी पाणी सोडलं जातं. ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना त्या पाण्यावर चालतात. दुष्काळी भागाला पाणी मिळणं किती मोलाचं आहे हे मला माहीत आहे. आटपाडी आणि जतच्या गावांत टँकरमागे धावणाऱ्या बायका मी गाडीच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिल्यात. म्हणून पाणी सोडू नका असं मी म्हणणार नाही. पण पाणी एका रात्रीत दोन हात वाढलं की वाळूवरची सगळी अंडी वाहून जातात. तेच पाणी टप्प्याटप्प्यानं वाढवलं, किंवा मार्चपासूनच पातळी फारशी खालीवर होऊ दिली नाही, तर पक्षी उंच जागा निवडतात. पाणी तेवढंच लागतं, फक्त सोडण्याच्या पद्धतीत लक्ष घालावं लागतं.

दुसरी गोष्ट वाळूची. नदीतून वाळू उचलली जाते ती नेमकी उन्हाळ्यात, कारण तेव्हाच पात्रात ट्रॅक्टर उतरतो. सुरय आणि आर्ली यांची घरं म्हणजे तीच वाळू. रात्रीच्या अंधारात चाकाखाली किती खळगे गेले हे कुणाला कळतही नाही. कृष्णेत मगरीही आहेत. औदुंबर-भिलवडीच्या बाजूला लोकांना त्या सवयीच्या झाल्यात. मगर अंडी घालते तीही काठच्या वाळू-मातीतच, उन्हाळ्यातच. नदीची वाळू म्हणजे एवढ्या सगळ्यांची बाळंतिणीची खोली आहे.

लावलेलं रान: सागरेश्वर

कृष्णेच्या काठापासून थोडं आत, देवराष्ट्र्याजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. अभयारण्याचं क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. पण त्याची गोष्ट मोठी आहे. उघडे-बोडके डोंगर, त्यांवर चराई आणि तोड, अशी तिथली अवस्था होती. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, लोकांना आणि सरकारला सोबत घेतलं, आणि त्या डोंगरांवर रान उभं राहिलं. हरणं आणून सोडली. माणसानं ठरवून उभं केलेलं अभयारण्य म्हणून ते आज ओळखलं जातं.

मेच्या शेवटी तिथे गेलं की सातभाईंचा गोंगाट आणि पावश्याची ओरड ऐकू येते. 'पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याला सांगणारा म्हणून आपण पावश्याला ओळखतो. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो आणि त्याचं पिल्लू सातभाईच वाढवतात. चातकही तेच करतो. तो तर पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. कोकिळेचं घर कावळ्याच्या घरट्यात. या सगळ्यांचं वेळापत्रक मे-जूनचंच आहे, कारण ज्यांच्या घरट्यात अंडी घालायची त्यांची घरटी तेव्हाच असतात.

याच दिवसांत पानझडी रानांत नवरंग यायला लागतो. हिवाळा तो दक्षिणेत काढतो आणि पावसाच्या तोंडावर विणीसाठी वर येतो. आखूड शेपटीचा, हिरव्या पाठीचा, पोटाखाली लाल असलेला हा पक्षी जमिनीवर पाला उलटत फिरतो. तो रात्रीचा प्रवास करतो, त्यामुळे शहरांत कधीकधी थकून किंवा काचेवर आपटून एखाद्याच्या अंगणात पडलेला सापडतो. असा पक्षी सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून अंधारात, शांत जागी ठेवावा आणि वनविभागाला कळवावं. बहुतेक वेळा काही तासांत त्याला तरतरी येते.

माळ ओसाड नाही

आठवड्याचे शेवटचे दिवस मी पूर्वेकडे काढतो: येरळवाडी, माण, आटपाडी, जत. मायणी आणि आसपासच्या तलावांना २०२१ मध्ये पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हिवाळ्यातल्या गर्दीनंतर मेमध्ये तिथे शुकशुकाट असतो. पाणी मागे हटलेलं, चिखलाला भेगा पडलेल्या. त्या चिखलाच्या कडेला लांब गुलाबी पायांचे शेकाटे घरटी करतात आणि कुणी जवळ गेलं की सगळी वस्ती एकदम डोक्यावर येऊन ओरडते.

तलाव सोडून माळावर गेलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही. खुरटं वाळकं गवत, गोटे, दूरवर पवनचक्क्या. थोडं बसून राहिलं की माळ हलायला लागतो. एक गोटा धावतो आणि थांबतो: तो धाविक. पिवळ्या गलुलांची माळटिटवी नदीवरच्या टिटवीसारखा कालवा करत नाही, गुपचूप घरट्यावरून उठून लांब जाते. डोंबारी हवेत वर चढतो आणि शीळ घालत सरळ खाली सूर मारतो. सकाळी ठरल्या वेळी पखुर्ड्यांची टोळी पाणवठ्याकडे जाते. पखुर्डीचा नर पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि मैलोगणती उडत जाऊन पिल्लांना ते पाणी पाजतो. पिल्लं त्याच्या पिसांतून पाणी शोषून घेतात.

सरकारी कागदात ही जमीन 'पडीक' असते. म्हणून तिथे झाडं लावायचा कार्यक्रम होतो, सपाटीकरण होतं, कचरा टाकला जातो. टेंभूचं पाणी आलं तिथे डाळिंब-द्राक्षांच्या बागा झाल्या. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले ही आनंदाची गोष्ट. पण गायरान आणि वनखात्याचे माळ तरी माळ म्हणूनच राहू द्यावेत. धाविकाला झाड नको असतं, उघडी जमीन हवी असते. मेंढरांनाही तीच हवी असते. आटपाडीच्या माळावर एका मेंढपाळानं आपली काठी आडवी धरून मेंढरांचा कळप वळवताना मी पाहिलंय. "टिटवी बसलीया तिथं," एवढंच तो म्हणाला. शेतात मशागत करताना टिटवीच्या अंड्यांभोवती तेवढा तुकडा न नांगरता सोडणारे शेतकरी आमच्या भागात आजही आहेत. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की यंदा पाऊस चांगला, असं ते मानतात आणि म्हणून त्यांची नजर तिच्यावर असते.

बघायला जाताना

मे महिन्यात पक्षी बघायचे असतील तर उजाडायच्या आधी पोचावं आणि नऊपर्यंत सावली गाठावी. पुन्हा साडेचारनंतर निघावं. डोक्याला टोपी किंवा उपरणं आणि दोन बाटल्या पाणी हवंच. ८x४२ची साधी दुर्बीण पुरते.

घरट्यापाशी मात्र वेगळे नियम आहेत. पक्षी ओरडत डोक्यावर आला किंवा पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे चालायला लागला, म्हणजे तुम्ही अंड्यांच्या अगदी जवळ आहात. आल्या पावली मागे फिरावं. तुम्ही तिथे दहा मिनिटं उभे राहिलात तर पक्षी तेवढा वेळ अंड्यांवर परत येत नाही आणि उन्हात तेवढा वेळही जिवावर बेततो. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये. घरट्याचा फोटो काढू नये. घरट्याची नेमकी जागा कुठे जाहीर करू नये. मोकाट कुत्री माणसाच्या मागोमाग वाळूवर उतरतात, तेव्हा स्वतःही उतरू नये.

सार्डिनिया बेटावर चौदाव्या शतकात एलिओनोरा नावाची राज्यकर्ती होऊन गेली. तिच्या कायद्यात शिकारी पक्ष्यांच्या घरट्यांना संरक्षण होतं, म्हणून त्या ससाण्याला तिचं नाव मिळालं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यानुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी उचलणं किंवा घरटं मोडणं गुन्हा आहे. पण रात्री पात्रात उतरणाऱ्या ट्रॅक्टरपुढे किंवा माळावर भरधाव जाणाऱ्या मोटारसायकलपुढे कायद्याचं पुस्तक उभं राहत नाही. तिथे गावातल्या माणसालाच उभं राहावं लागतं.

म्हणून सातारा-सांगलीतल्या नदीकाठच्या आणि माळावरच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. मार्च ते जून आपल्या हद्दीतली एखादी वाळूची पट्टी आणि एखादा माळाचा तुकडा राखून ठेवा. ग्रामसभेत ठराव करा, कडेला दोन पाट्या लावा, भोई आणि मेंढपाळ यांना राखणीत सामील करून घ्या, कारण त्यांना ती जागा आधीपासून माहीत आहे. याला फारसा पैसा लागत नाही. आणि ज्यांच्या घरी दुर्बीण आहे त्यांनी ती यंदा मार्चमध्ये कपाटात ठेवू नये.